पासवाल्यांच्या भरवशावर

निवडणूक आली की आमच्या ऑफिसात चहाला एक वाद हटकून होतो. तरुण पोरं मतदानाला येतात की नाही? एकजण म्हणतो, येतात, सभा बघा की कशा भरतात. दुसरा म्हणतो, सभेला येणारं पोरगं केंद्रावर दिसत नाही. मग दोघंही माझ्याकडं बघतात, कारण मी एकदा बोलून बसलोय की कॉलेजात असताना मी एका उमेदवाराच्या घरात भाड्यानं राहत होतो. मी चहा ढवळत बसतो. मला मास्तर आठवतात, आणि मास्तर आठवले की माझं डोकं चालायचं बंद होतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, एसटीतले. आमच्याकडं कंडक्टरला मास्तर म्हणतात. तीस वर्षं नोकरी करून ते रिटायर झालेले, आणि विश्रामबागेत जागा स्वस्त होती तेव्हा घेऊन ठेवलेल्या तुकड्यावर त्यांनी पत्र्याच्या सात खोल्या बांधल्या होत्या. एका खोलीत दोघं, असे आम्ही चौदाजण. नव्वदीतली तीन वर्षं मी तिथं काढली.

नोकरी सुटली तरी मास्तर गाडीतून उतरले नव्हते. खोल्यांना नंबर नव्हते. एक ‘ड्रायव्हरमागची’, एक ‘दारापाशची’, आणि संडासाजवळची शेवटची ‘मागची शीट’. मी मागच्या शीटवर. लाइट बिल असो नाहीतर लग्नपत्रिका, हातात आली की उभी घडी घालून डाव्या हाताच्या बोटांत अडकवणार. आणि दारात उभा राहिलेला माणूस त्यांना बघवायचा नाही. “दार मोकळं सोडा, पुढं सरका.” लग्नाच्या पंगतीत तेच. शेजारी एकदा मयत झाली, बायका रडतायत, माणसं दाराशी दाटलेली, आणि हे हळू आवाजात, “पुढं सरका, पुढं लय जागा हाय.” गंमत म्हणजे माणसं सरकली. नीट दोन रांगा झाल्या. मला हसावं की काय करावं ते कळेना, म्हणून मीही सरकलो.

तिकिटाला भोक पाडायचा चिमटा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम असायचा. डेपोत जमा करायचा तो यांच्याकडं कसा राहिला, कुणी विचारलं नाही. बोलता बोलता ते पेपराच्या कडेला भोकं पाडत. कुणी शब्द दिला, उद्या येतो, परवा करतो, की जवळच्या कागदाला एक भोक. “तिकीट फाटलं तुजं. आता मधी उतरायचं न्हाई.”

घरात ते आणि त्यांची मुलगी, दोघंच. बायको वारलेली. मुलीला आम्ही ताई म्हणायचो. पस्तिशीच्या आसपासच्या. लग्न झालं होतं, टिकलं नव्हतं, त्यावर घरात कुणी बोलत नसे. कॉलनीतल्या बालवाडीत त्या शिकवत. ती बालवाडी वॉर्डातल्या एका पुढाऱ्याच्या संस्थेची. सगळे त्याला अध्यक्ष म्हणायचे, कशाचे अध्यक्ष ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. बारा वर्षं ताईंनी तिथं पोरं सांभाळली. त्यांचा जीव त्या पोरांत होता, हे सांगायला नको. दुपारी घरी आल्या तरी गुणगुणणं बालगीतांचंच.

आता डब्याचं सांगतो, कारण सगळं तिथं येऊन अडतं.

मी तासगावच्या पलीकडच्या गावचा. वडील मला घेऊन खोली बघायला आले, तेव्हा मास्तरांनी त्यांना घराच्या पुढच्या सोप्यात बसवलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली ताजी फुलं. वडिलांनी तसबीर बघितली, गाव विचारलं, आडनाव विचारलं, पाणी नको म्हणाले. बाहेर रस्त्यावर आल्यावर मला म्हणाले, “खोली झकास हाय. मानूस बी चांगला दिसतोय. डबा तेवढा घरनं पाठवतो रोज. त्यास्नी कशाला उगं तरास.” मला ते वडिलांचं भिडस्तपण वाटलं. खरंच तसं वाटलं होतं का, हे आज मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

तर डबा सकाळच्या एसटीनं यायचा. नुसता माझा नव्हे, बहुतेक सगळ्यांचा. आया पहाटे भाकऱ्या थापायच्या, डब्यावर ऑइलपेंटनं पोराचं नाव, आणि कंडक्टर तो आणून स्टॉपवर उतरवायचा. त्यात दोन्ही वेळचं असे. मास्तरांनी स्वतः वर्षानुवर्षं असे डबे वाहिले होते. “माझ्या गाडीत येका येळंला बावीस डबे. पर कालवण कवा सांडलं न्हाई,” हे ते आम्हाला आठवड्यातून एकदा तरी ऐकवत. रिटायर झाल्यावरही रोज सकाळी स्टॉपवर जाऊन उभे राहायचे. कुठल्या मार्गाची गाडी आली, किती डबे उतरले, कुणाचा राहिला, सगळं तोंडपाठ.

चौदांत एकाचाच डबा येत नसे. तो पाटणकडचा, कोयनेच्या खोऱ्यातला. एवढ्या लांबून डबा कसा येणार? आम्ही त्याला पाटणच म्हणायचो. तो आमच्या डब्यांतून चतकोर चतकोर खाऊन जगतो अशी आमची समजूत होती, आणि तेवढ्यावर आम्ही स्वतःला लय दिलदार समजत होतो.

ताईंच्या घरातलं आमच्याकडं वर्षातून एकदा यायचं. बुद्धपौर्णिमेला खीर. खोलीखोलीत वाटी. मी ती खाल्ली का? मला खाल्ल्याचं आठवत नाही. वाटी घासून परत दिल्याचं आठवतं.

मास्तरांचं तरुणांविषयी एक ठाम मत होतं, आणि ते जगाच्या उलट होतं. कोपऱ्यावरचा पानपट्टीवाला म्हणायचा, “मास्तर, पोरं नाचायला येत्यात, शिक्का मारायला न्हाई.” मास्तर त्याच्याकडं अडाणी माणसाकडं बघावं तसं बघायचे.

“गड्या, तुजा धंदा पानाचा. मी गाडी चालीवल्याली हाय,” ते म्हणायचे. खरं तर गाडी ड्रायव्हर चालवतो, पण हे त्यांना कोण सांगणार. “म्हातारं मानूस गाडीला ईल, न्हाई ईल. गुडघा दुखला, ऱ्हायलं. बाईमानसाचं लेकरू तापलं, ऱ्हायली. यापाऱ्याकडं माल नसंल, न्हाई येत. पर पासवालं पोरगं? पाऊस असू दे, धुकं पडू दे. दप्तर छातीला धरून हुबंच. तीस वर्सांत सकाळची पयली गाडी माजी रिकामी गेली न्हाई. का? पासवाल्या पोरांच्या जिवावर. येळंवर येणारी देशात येवढीच येक जात हाय.”

हे ऐकून आम्हाला बरं वाटायचं. घरी कुणी आम्हाला एवढं भरवशाचं मानलं नव्हतं.

नगरपालिकेची निवडणूक लागली आणि आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. अध्यक्षांनी आपल्या बायकोला उभं केलं. त्याच महिन्यात ताईंचं आणि त्यांचं वाजलं होतं. बालवाडीला नळ नव्हता. पोरांना शी-शू झाली की ताई समोरच्या बंगल्यातून बादली आणायच्या. दोन वर्षं मागणी करून झाली, तेव्हा अध्यक्ष म्हणाले होते, “बाई, तुम्ही गाणी शिकवा. पाण्याचं आम्ही बघतो.” ताई घरी आल्या, भाजी निवडायला बसल्या आणि निवडता निवडता म्हणाल्या, “दादा, मी उभी राहते.” वडिलांना त्या दादा म्हणायच्या.

आम्हाला वाटलं मास्तर समजावतील. त्यांनी तिथंच, भाजी गुंडाळून आलेल्या पेपराला भोक पाडलं.

अर्ज भरायच्या आधी ताईंना बालवाडीचा राजीनामा द्यावा लागला. पुढाऱ्याच्याच संस्थेत राहून त्याच्याच बायकोविरुद्ध कसं लढणार? निवडून आल्या तर नळ, आणि नाही आल्या तर बारा वर्षं सांभाळलेली बालवाडी गेली, इतकं ते सरळ होतं. मी हे तेव्हा ओळखून होतो. कुणी म्हणायला नको की आम्हा कॉलेजच्या पोरांना काय कळत होतं. कळत होतं.

मास्तरांनी हिशेब केव्हाच मांडला होता. वॉर्डात खोल्या करून राहणारी आमच्यासारखी पोरं खंडीभर. याद्या होत होत्या तेव्हाच त्यांनी घरोघर फिरून सगळ्यांचे फॉर्म भरून घेतलेले. आम्हा चौदाजणांचे तर आमच्यापुढं बसून भरले, गावाकडची नावं कमी करायच्या कागदासकट. त्यावरून माझ्या घरी केवढं रामायण. “मेल्यागत गावातनं नाव काढलंस व्हय रं?” वडील म्हणाले. “भावकीतलं येक मत गेलं. आता त्यास्नी काय सांगू, आमचं पोरगं सांगलीचं झालं?” मी म्हणालो, आप्पा, शिक्का मारायचाय नुसता, तिथं काय आणि इथं काय. ते दोन दिवस बोलले नाहीत.

ताईंना चिन्ह मिळालं कपबशी. आणि आम्ही पोरांनी जीव तोडून काम केलं, यात खोटं नाही. भिंती रंगवल्या. आमच्यातल्या एकाची कपबशी हमखास तांब्यासारखी व्हायची, ती ताई स्वतः पुसून सरळ काढायच्या. सायकलींची फेरी निघाली तेव्हा पुढचं टोक चौकात आणि मागचं आमच्या दारात. घसा बसेस्तवर ओरडलो. अध्यक्षांकडं रोज मटणाचा रस्सा असायचा, तिथंही आमची पोरं जेवून यायची. मास्तरांना सांगितलं तर म्हणाले, “खाऊ दे. वाटंत ढाब्यावर गाडी थांबली म्हंजे पासवाला गाव बदलत न्हाई.”

प्रचार संपायच्या आदल्या दिवशी मास्तर यादी घेऊन खोलीखोलीत आले. प्रत्येकाला नाव वाचून दाखवलं, नजरेला नजर लावली, विचारलं, “येणार न्हवं?” आम्ही व्हय म्हणालो आणि चिमटा वाजला. चौदा नावांपुढं चौदा भोकं.

मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी डबा उतरवताना आमच्या मार्गाचा कंडक्टर म्हणाला, “उद्या डबा न्हाई रं. गाड्या समद्या इलेक्शनला गेल्यात. परवाचं बी काय खरं न्हाई.” जिल्ह्यातल्या सगळ्या पालिकांचं मतदान एकाच दिवशी. पेट्या, साहेब लोक, पोलीस, सगळं एसटीतून जाणार आणि खेड्याच्या फेऱ्या रद्द. खानावळीही सुट्टीमुळं बंद.

मग काय करायचं? खोलीत चर्चा झाली. कुणीतरी म्हणालं, आज शेवटच्या गाडीनं गावी जाऊ, जेवू, आणि उद्या दुपारपर्यंत येऊन शिक्का मारू. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. आता बघा, गाड्या नाहीत म्हणून डबा नाही, डबा नाही म्हणून आम्ही गावी निघालो, आणि परत मात्र गाडीनंच येणार होतो. शिकणारी तेरा पोरं, त्यात दोघं इंजिनियरिंगची. हे एकाच्याही ध्यानात कसं आलं नाही? की आलं होतं आणि कुणी बोललं नाही? मी याचा कितीदा विचार केला, मला धागा सापडत नाही.

मास्तर आणि ताई त्या वेळी चिठ्ठ्या वाटायला बाहेर होते. आम्ही कुलपं लावली आणि गेलो. पाटण तेवढा राहिला. त्याचं गाव एका दिवसात जाऊन येण्यासारखं नव्हतं.

मतदानाच्या दिवशी सकाळी मी गावच्या फाट्यावर दोन तास उभा होतो. एसटी नाही. वडापच्या, सीटमागं भाडं घेऊन माणसं नेणाऱ्या जीपाही कुठल्या कुठल्या उमेदवारांनी ठरवून नेलेल्या. ऊन चढलं तसा घरी आलो. वडील म्हणाले, “येका मतानं काय हुतंय? बस जेवाय.” चुलत्याची मोटारसायकल दारात उभी होती. मी किल्ली मागितली नाही. का नाही मागितली? चुलत्यानं दिली नसती असंही नाही. आईनं गरम भाकरी ताटात टाकली आणि मी बसलो.

दुसऱ्या दिवशी सांगलीत शाळेत मोजणी. आमच्या मार्गाला त्या दिवशीही एसटी नव्हती, पण वडाप सुरू झालं होतं. आईला म्हणालो, डबा मागनं गाडी आली तर पाठव, आणि तसाच निघालो. पोचलो तेव्हा शाळेच्या फाटकाबाहेर गुलाल उडायला लागला होता, अध्यक्षांच्या बाजूला. ताई नऊ मतांनी पडल्या होत्या.

नऊ. आमच्या एका घरातले तेरा नव्हते. हे गणित करायला कॉलेज लागत नाही.

मास्तर फाटकाच्या कडेला उभे होते. मला वाटलं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं, खरंच सांगतो. त्यांनी विचारलं, “घरी समदी बरी हायत न्हवं?” मी मान हलवली. मग गुलालाकडं बघत म्हणाले, “येक चुकलं रं माजं. पासवाल्याला सुट्टीदिवशी मी कवा बघितलंच न्हाई. रविवारची पयली गाडी कशी जाती, भरून का रिकामी, मला ठावं न्हाई. माजी साप्ताहिक सुट्टी रविवारी असायची.”

तीस वर्षं एका माणसानं आठवड्याचे सहा दिवस बघितले आणि त्यावर मुलीची निवडणूक उभी केली. मग दिवाळीची सुट्टी, मे महिना? तेव्हा तर ते गाडीवरच असणार की. हे मी विचारलं नाही. मला वाटतं ते आमच्यासाठी कारण शोधत होते, आणि सापडलं ते त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं. किंवा खरंच तसं असेल. कुणाला माहीत.

दुपारी घरी आलो तर ताई सोप्यात बसल्या होत्या. बालवाडीची किल्ली दुसऱ्या बाईंकडं गेल्याचा निरोप तेवढ्यात आला होता. एकेक करून पोरं गावाहून येत होती, खाली मान घालून खोल्यांत शिरत होती. ताईंनी आम्हा चार-पाचजणांना थांबवलं.

“डबा नाही म्हणून गेलात?”

एकजण हातातल्या पिशवीचे बंद गुंडाळायला लागला.

“मला एकानं सांगायचं होतं. चौदाजणांचा भात टाकायला मला किती वेळ लागतो रे?” त्या रडल्या नाहीत, पण आवाज फाटला होता. “दोन वर्षं हा जेवतोच आहे ना इथं?”

हा म्हणजे पाटण. तो चुलीसाठी लाकडं घेऊन आत चालला होता. आम्ही त्याच्याकडं बघितलं. तो बावचळून म्हणाला, “व्हय. हितंच जेवतोय की. तुमाला म्हाईत न्हाई?”

आम्हाला माहीत नव्हतं. एकाच अंगणात राहत होतो.

संध्याकाळी, अजून उजेड होता, ताईंनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. सोप्यात चौदा ताटं मांडली. भात, आमटी, मेथीची भाजी. मास्तर स्वतः पातेलं घेऊन वाढायला उभे. पोरं खोल्यांतून बाहेर आली. काही बसली, काही चप्पल शोधत राहिली, कोण बसलं आणि कोण नाही ते मला नीट आठवत नाही. मी सकाळपासून उपाशी होतो. भाताची वाफ माझ्यापर्यंत येत होती.

मास्तर पातेलं घेऊन माझ्यासमोर आले. “बस रं.”

आणि माझ्या तोंडून निघालं, “माझा डबा आलाय, मास्तर.”

का निघालं? आजही विचारा, मला सांगता यायचं नाही. आप्पांचा चेहरा डोळ्यांपुढं आला असंही नाही. कुणी मला काही शिकवून ठेवलंय असं मला कधी वाटलं नव्हतं.

सबंध सांगलीत त्या दिवशी आमच्या मार्गाची गाडी आली नाही हे सगळ्यात पक्कं ठाऊक असलेला माणूस माझ्यापुढं उभा होता. सकाळी ते स्टॉपवर जाऊन आलेच असणार.

“आलाय व्हय?” ते म्हणाले. “मग त्यो आदी संपीव. आईनं केल्यालं वाया घालवू नगंस.”

आणि पुढच्या ताटाकडं वळले.

मी मागच्या शीटवर आलो. दार लोटलं. परवाचा डबा तसाच खरकटा पडला होता, तो पुढ्यात घेतला. आणि बाहेर ऐकू जावं म्हणून, त्या रिकाम्या डब्यात चमचा वाजवत बसलो.